सोडचिठ्ठी नसलेल्या गावातले दोन याही

सन दोन हजार चोवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. तुम्ही माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, तरी विमानाच्या जिन्यावर मला हात तुम्ही देत होते. त्या वयात आपण दोघं फिलिपाइन्स नावाच्या देशात गेलो. कशाला, तर आपल्या पोरांचा संसार मोडत होता, तो जोडायला. मुलगा माझा, मुलगी तुमची. तो जोडला गेला नाही. पुढं कोर्टानं तो रीतसर मोडून दिला, अन् आता तुम्हीही गेले.

उद्या नेपानगरला तुमची गंधमुक्ती आहे. सोयरे जमतील. एकेक जण तुमच्या मुलाच्या, महेशच्या डोक्यावर दुखवट्याची टोपी ठेवेल, खांद्यावर उपरणं टाकेल, अन् त्याचं सुतक सरेल. याह्याच्या घरी मौत झाली तर याह्यानं टोपी न्यायचीच असते. मी चौकातल्या दुकानातून टोपी अन् उपरणं आणून ठेवलं आहे. पण सकाळी महेशचा फोन आला. म्हणाला, "आबा, तुम्ही या. नक्की या. फक्त दुखवट्याचं काही आणू नका. आता तसं नातं नाही राहिलं ना. लोक विचारतील, ताईला जड जाईल."

मी म्हणालो, "बघतो." दुसरं काय म्हणणार. पोरगा चुकीचं बोलला नाही. पण बरोबर बोलला, असंही मी म्हणणार नाही.

पुस्तकात व्याही लिहितात, आपल्याकडं याही. मी चौथी शिकलेला माणूस, केळीच्या बागेत जन्म गेला. मला लिहायची हौस नाही. पण टोपी न्यायची का नाही, हे विचारावं असा माणूस एकच होता अन् तो तुम्ही. म्हणून तुमच्याशीच बोलतो आहे, वामनराव. हे नाव घेऊन मी तुम्हाला कधी हाक मारली नाही. लिहितानासुद्धा परकं वाटतं. याहीच म्हणतो.

आपली सुरुवातच भांडणानं झाली. लग्नाच्या दिवशी याहीभेट होती. बहादरपूरहून आमची वरात आली. तुम्ही मांडवाच्या दारात हार घेऊन उभे, मी रस्त्यावर हार घेऊन उभा. मधी पाच-सात हात मोकळी जागा. मी म्हणालो, मुलीच्या बापानं पुढं यायचं असतं. तुम्ही म्हणाले, दारात आलेल्यानं दारापर्यंत तर यावं. बँडवाले वाजवून वाजवून थकले. नवरदेव घोडीवर घामानं भिजला. शेवटी कोणीतरी मागून ढकललं अन् आपण एकमेकांच्या अंगावर जाऊन पडलो. त्यानंतर दर दिवाळीला, दर लग्नात, तुम्ही चारचौघांत सांगायचे, "पहिलं पाऊल आमच्या याह्यांनी टाकलं बरं का." मी सांगायचो, "ढकललेलं पाऊल मोजत नसतात." हे भांडण मिटलं नाही. मी आजही सांगतो, माझा पाय जागचा हलला नव्हता.

माझा विलास तिकडं एका मोठ्या बेटावर केळी पॅक करून परदेशात पाठवणाऱ्या कंपनीत लागला. मला त्याचा गर्व होता. आमच्या चार पिढ्या केळीत गेल्या, पण समुद्र ओलांडून केळीच्या मागं जाणारा तोच. तुमची शुभा त्याच्यासोबत गेली. काही वर्षं बरी गेली असतील. मग एक दिवस तुमचा फोन आला. तुम्ही नेहमीसारखी माझ्या तब्येतीची चौकशी केली, पाण्याची केली, केळीच्या भावाची केली. अन् शेवटी म्हणाले, "याही, शुभानं घर सोडलं. त्याच बेटावर दुसऱ्या टोकाला एक जुनं गाव आहे समुद्राकाठी, तिथल्या लॉजच्या हापिसात काम करू राहिली."

मी म्हणालो, "बैठक बसवू."

"बैठक कुठं बसवता? पोरं तिकडं."

"मग बैठक तिकडं नेऊ."

हे माझंच बोलणं. आपल्यात नवराबायकोचं बिनसलं की दोन्हीकडचे मोठे एका सतरंजीवर बसतात, चहा होतो, चार शब्द वर-खाली होतात, अन् पोरं उठून घरी जातात. मला वाटलं, सतरंजी कुठंही टाकली तरी सतरंजीच. तुमच्या घरचे नाही म्हणत होते. विहीणबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना येणं शक्य नव्हतं. माझी मंडळी तर केव्हाच गेलेली. दोन म्हातारे निघालो.

विमानतळावर तपासणीत जोडे काढायला लावले. मला वाकता येत नाही, कंबर लागते. मी मोजे हातात धरून बाकड्यावर बसलो होतो अन् इकडं तिकडं बघत होतो, म्हणजे कोणाला कळू नये. तुम्ही खाली बसले, माझे मोजे चढवले, जोड्याच्या नाड्या बांधल्या. मी पाय ओढून घेतला. म्हणालो, "राहू द्या, लोक काय म्हणतील."

"इथं बघायला कोण आहे आपलं," तुम्ही म्हणाले, "अन् मुलीच्या बापाला सवय असते याही, पायाशी बसायची."

हा टोला होता का माया, ते मला तेव्हा कळलं नाही. आताही कळत नाही. पण माझ्या सख्ख्या मुलानं कधी माझ्या जोड्याची नाडी बांधली नाही, हे लिहून ठेवतो.

त्या गावाचं नाव दापितान. तुम्ही दोनदा सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात बसलं. गाव कसलं, झोपलेलं गाव. रुंद स्वच्छ रस्ते, लाकडी खिडक्यांची घरं, मधी मोठं मैदान, मैदानात शिरीषासारखी जुनी झाडं, अन् एका बाजूला दगडी चर्च. समुद्र म्हणून मी मोठमोठ्या लाटा मनात धरून गेलो होतो. तिथं पाणी इतकं गप होतं की मी म्हणालो, "हे तर आपलं उन्हाळ्यातलं तापीचं पाणी." तुम्ही हात लावून चाखलं अन् थू करून म्हणाले, "खारट तापी."

फिरंग्यांच्या राज्यात त्या देशाच्या एका मोठ्या माणसाला तिथं हद्दपार करून ठेवलं होतं. त्याची झोपडी, त्याची बाग, सगळं राखून ठेवलेलं. तुम्ही नेपानगरच्या कागदाच्या मिलमध्ये नोकरी केलेले, इंग्रजी येणारे; प्रत्येक पाटी वाचायचे अन् मला सांगायचे. मी म्हणालो, "ही कसली हद्दपारी? समुद्र, सावली, नारळ. आमच्या बहादरपूरच्या उन्हात ठेवा म्हणावं चार दिवस." तुम्ही हसले नाही. तुम्ही बघत होते पलीकडं, जिथं शुभा लॉजच्या पायऱ्या झाडत होती. म्हणाले, "आपलं माणूस सोडून कुठंही ठेवा, हद्दपारच ती."

लॉजची मालकीण म्हातारी होती. सगळे तिला लोला म्हणायचे. लोला म्हणजे आजी. तिनं आपल्याला एकच खोली दिली अन् खोलीत पलंगही एकच. मधी उशी ठेवून दोन याही झोपले. बुऱ्हाणपुरात कळलं असतं तर पोरांचं राहिलं बाजूला, आपल्याच लग्नाची चर्चा झाली असती. तुम्ही घोरायचे. मी सांगितलं की तुम्ही म्हणायचे, "मी नाही, तो समुद्र."

लोलानं पहिल्या दिवशी विचारलं, कुठून आले. तुम्ही म्हणाले, ताजमहालाच्या देशातून. मला राग आला. मी शुभाला म्हणालो, "तिला सांग, जिच्यासाठी तो ताज बांधला ती बेगम आमच्या बुऱ्हाणपुरात वारली, आमच्याच मातीत आधी निजली. मग उचलून नेली." शुभानं सांगितलं. लोलाचा चेहरा पडला. तिनं कपाळाला, छातीला हात लावून त्यांच्यासारखी खूण केली अन् माझा हात दाबला. तिला वाटलं आमच्या घरातलीच कोणी गेली, अन् आताच गेली. तुम्ही तोंड फिरवून हसत होते. "घ्या याही," तुम्ही म्हणाले, "सुतक लागलं तुम्हाला बादशहाच्या घरचं."

दुसरा घोटाळाही माझाच. सकाळी चहाला दूध नव्हतं. मी एकटा दुकानात गेलो, खुणेनं गाय काढली, धार काढून दाखवली. दुकानातली पोरगी म्हणाली, "वाला." अन् मान हलवून हसली. मी समजलो, दूधवाला येऊ राहिला. उभा राहिलो. ऊन वर आलं. गिऱ्हाइकं येऊन गेली. पोरगी मधून मधून माझ्याकडं बघायची अन् म्हणायची, "वाला, वाला." मी म्हणायचो, "हो माय, येऊ दे, मला घाई नाही." शेवटी तुम्ही शोधत आले.

"काय करू राहिले इथं याही?"

"दूधवाल्याची वाट पाहू राहिलो. वाला, वाला म्हणते तीन वेळा, येत तर नाही."

तुम्ही तिला विचारलं अन् दुकानाच्या पायरीवर बसूनच घेतलं, इतके हसले. "अहो, यांच्या बोलीत वाला म्हणजे नाही. काही नाही. दूध नाही म्हणते बिचारी."

"मग नाही म्हणताना हसते कशाला?"

"तुमच्याकडं पाहून कोण नाही हसणार."

मग खरी गोष्ट आली. नाश्त्याला लोलानं विचारलं, दोन म्हातारे इतक्या लांब कशासाठी आले. शुभानं लपवलं नाही. लोला हात पुसत म्हणाली, "हियर, नो डिव्होर्स." अन् बोट हलवलं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणाले, "याही, या देशात सोडचिठ्ठीचा कायदाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लग्न झालं की झालं. मोडायची सोयच नाही."

मी उठून उभा राहिलो. इतक्या लांब आल्याचं चीज झालं असं वाटलं. आपली पोरं ज्या मातीवर उभी आहेत त्या मातीनंच त्यांना बांधून ठेवलं आहे, आपण नुसतं समजावायचं. तुमचेही डोळे भरले होते, नाही म्हणू नका. पेढे कुठं मिळणार. मैदानाच्या कोपऱ्यावर एक बाई आखूड जाड केळी काडीला टोचून साखरेत तळायची. मी आल्यापासून त्या गाडीकडं पाठ करून चालत होतो, केळ्याचा असा छळ मला बघवत नव्हता. त्या दिवशी तुम्ही दोन काड्या घेतल्या, एक माझ्या हातात दिली. मी खाल्ली. गोड होती. इतकंच म्हणतो, चांगली होती असं म्हणणार नाही.

शुभा संध्याकाळी कामावरून सुटली तेव्हा आपण दोघं समुद्राच्या कठड्यावर तयारीत बसलो होतो. मी म्हणालो, "पोरी, आता काय करशील? इथं तर कायदाच नाही." ती आधी माझ्या शेजारी बसली अन् लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "आबा, तो कायदा यहाँ के लोगों के लिए. आमचं लग्न बुऱ्हाणपूरला झालं. आपल्याला आपलंच कोर्ट लागतं." मग म्हणाली, "अन् लोलाला विचारा, तिचा नवरा कुठं आहे. तीस साल झाले, दुसऱ्या बेटावर दुसरं घर करून राहतो. कागदावर अजून तिचाच आहे."

मी विचारलं, "पण तुमचं भांडण काय झालं?"

"भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं आबा. बोलणंच संपलं. मैं बोलती थी, तो हूं म्हणायचा. मग मीही हूं म्हणायला लागली. मग एक दिन वो भी नहीं."

मी तुम्हाला कोपरानं ढोसलं. बैठकीत मुलीच्या बापानं मुलीला चार शब्द सुनवायचे असतात. तुम्ही फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला तेव्हा वाटलं, तुम्ही बैठक मोडली. आपलं दुसरं न मिटलेलं भांडण ते. तुम्ही म्हणत होते, आधी विलास येऊ द्या, एकटीला काय बोलायचं. मी म्हणत होतो, तो येणारच आहे.

विलास येणार होता. फोनवर हो म्हणाला होता. रात्रभराचा बसचा रस्ता. चर्चच्या समोर त्या बेटाचा मातीचा मोठा नकाशा केलेला आहे, डोंगर उंच, नद्या खोल, वर गवत. तुम्ही वाचून दाखवलं, हे टोक म्हणजे आपण, ते टोक म्हणजे विलासचं शहर. चार पावलांचं अंतर. मी म्हणालो, "बस? एवढंच?" अन् कठडा ओलांडून आत गेलो, विलासच्या शहरावर उभा राहिलो अन् डोंगर तुडवत तुमच्यापर्यंत चालत आलो. "बघा, आला." पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. तुम्ही त्याच्या हातापाया पडून मला सोडवलं.

ठरलेल्या दिवशी आपण सकाळपासून बसच्या ठिकाणी बसलो. मी कोरं धोतर नेसलो होतो. शुभानं सतरंजीच्या जागी एक चटई दिली होती, ती गुंडाळून तुमच्या मांडीवर. बस यायची, लोक उतरायचे, कोंबड्या उतरायच्या, पोती उतरायची. दुपारी त्याचा फोन आला. "आबा, मालाची गाडी निघायची आहे, सुट्टी नाही मिळाली. संध्याकाळच्या बसनं बघतो." दुसऱ्या दिवशीही आपण तिथंच बसलो, संध्याकाळची शेवटची बस रिकामी झाली. मी तिकिटाच्या खिडकीशी जाऊन बोटानं विचारलं, अजून एक? माणूस म्हणाला, "वाला ना."

या वेळी मला कळलं. तरी मी उभाच राहिलो. तुम्हीही उभे राहिले. चटई तशीच काखेत.

परत जाताना समुद्राच्या रस्त्यावर तुम्ही थांबले. डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं घाम पुसतात. तुम्ही वाकायला लागले, अन् टोपी माझ्या पायाकडं येताना दिसली. मी तुमचा हात वरच्या वर धरला. फिरायला आलेले लोक बघत होते. मी ओरडलो, "हे काय करू राहिले? पोरगा माझा आला नाही, अन् टोपी तुम्ही काढता?"

तुम्ही म्हणाले, "मग कोणी काढायची?"

माझी टोपी माझ्या डोक्यावर होती. मी तुमचा हात सोडला, तुम्ही टोपी झटकून घातली, अन् आपण खोलीवर आलो. त्या रात्री मधली उशी भिंतीसारखी वाटली. सकाळी उठलो तर तुम्ही माझ्यासाठी चहा घेऊन उभे. "दूधवाला आला होता," तुम्ही म्हणाले. एवढं एकच वाक्य. मुलीच्या बापाला त्या दिवशी मला चार शब्द सुनवायचा पुरा हक्क होता. तुम्ही सुनवले नाही. जन्मभर सुनवले नाही. ते सुनवले असते तर मी भांडलो असतो अन् आज हलका असतो.

निघताना शुभा पाया पडली. मी आशीर्वादाला हात वर केला अन् तोंडात आपोआप तेच आलं, अखंड सौभाग्यवती. म्हणून टाकलं. ती तशीच खाली वाकून राहिली. तुम्ही पिशव्या उचलल्या अन् म्हणाले, "चला याही, गाडी थांबत नसते."

मग बुऱ्हाणपूरचं कोर्ट. ती दोघं येऊन सह्या करून गेली, एकमेकांशी नीट बोलली, पाण्याची बाटली एकच होती ती दोघांत प्यायली. मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं. शेवटच्या तारखेला आपण दोघं बाहेर लिंबाखाली उभे होतो. तुम्ही म्हणाले, "चला याही, चहा घेऊ."

मी म्हणालो, "आता याही कसले."

हे मी रागानं म्हणालो नाही. कोर्टानं कागद दिला होता, मी कागद वाचून दाखवला, इतकंच. तुम्ही चष्मा पुसला. "बरोबर आहे. मग काय म्हणू तुम्हाला? सोयरे?"

"सोयरीकच राहिली नाही."

"मित्र?"

"मित्र व्हायचं वय आहे का आपलं?"

तुम्ही हसले. "बरं. सापडला शब्द तर कळवतो." अन् चहा पाजला. काचेच्या ग्लासात, अर्धा-अर्धा. स्टँडवर तुमची नेपानगरची गाडी लागली होती. तुम्ही खिडकीत बसले अन् हात हलवला. मी वाट बघत होतो की आता खिडकीतून काहीतरी म्हणाल. गाडी गेली.

तुम्ही शब्द कळवला नाही. मीही विचारला नाही. फोन करायचा तर "हॅलो" नंतर काय म्हणायचं, तिथंच अडायचो. चार वेळा फोन हातात घेतला असेल. तुमचं दुखणं मला तुकईथडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडून कळलं, तेही तुम्ही गेल्यावर. याही असतो तर रातोरात कोणीतरी गाडी पाठवली असती. दहनाला मी नव्हतो. शुभासुद्धा वेळेत पोचली नाही म्हणे, समुद्रापलीकडून यायचं. विलासला मी सांगितलं. तो म्हणाला, "वाईट झालं आबा." अन् मग हूं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आपल्या याहीपणात तुमची मुलगी अन् माझा मुलगा कधीच मधी पडले नव्हते. पडले ते एकदाच, कोर्टात. बाकी सगळं आपलं होतं. भांडणं आपली, पलंग आपला, खारट तापी आपली. पण हे म्हणायला मला शब्द नाही, अन् शब्द नसला की आपल्याकडं हक्क नसतो. बायको मेली तर रडायला नाव आहे. भाऊ मेला तर आहे. तुमच्यासाठी मला सुतक नाही, विटाळ नाही, डोकं भादरायचं नाही, काही नाही. मी रोज आंघोळ करून बागेत जातो, लोक राम राम करतात, केळीचा भाव विचारतात. कोणाच्या लक्षात येत नाही की माझ्या घरची मौत झाली आहे. लोलाचा नवरा जिता असून तिचा नाही अन् कागदावर आहे. तुम्ही माझे होते, अन् कागदावर नाही. दोन्हीकडं माणूस नाहीच.

टोपी न्यायची का नाही? तुम्ही असते तर म्हणाले असते, "न्या, पण पिशवीत ठेवा." तुमची असली अर्धी-अर्धी उत्तरं मला कधी पटली नाहीत.

इथवर काल दुपारी लिहिलं होतं. आज सकाळी नेपानगरला गेलो.

टोपी पिशवीत होती. तुमच्या अंगणात कनात, सतरंजी, महेश मधी बसलेला, ताजं मुंडन केलेला. सोयरे एकेक उठत होते. महेशच्या सासऱ्यांनी टोपी ठेवली. मामांनी ठेवली. मग कोणीतरी वडीलधाऱ्यानं विचारलं, "अजून कोणी याही?" मी पिशवीत हात घातला अन् गुडघ्यावर भार देऊन उठलो. महेशनं माझ्याकडं बघितलं. नाही म्हणाला नाही. मान खाली घातली, इतकंच. त्याच्यामागं दारात विहीणबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, त्यांनीही माझ्याकडं बघितलं अन् डोळ्याला पदर लावला. मी उभाच राहिलो. जन्मात पहिल्यांदा मला पुढं जायचं होतं अन् हक्क सांगता येत नव्हता. वडीलधारा म्हणाला, "झालं मग. पानं मांडा." अन् मी खाली बसलो.

पंगतीत मला मिलमधल्या तुमच्या जुन्या सोबत्यांच्या ओळीत जागा मिळाली. शेजारचा म्हातारा बरा होता. त्यानं विचारलं, "तुम्ही वामनरावांचे कोण लागता?"

मी म्हणालो, "लागत काही नाही."

"ओळखीचे?"

"हो."

शुभा भात वाढत येत होती. पांढरी साडी, डोळे सुजलेले. माझ्यापाशी आली अन् तिचा रिकामा हात, सासऱ्यासमोर घेतात तसा पदर डोक्यावर घ्यायला, वर गेला, मधीच थांबला, अन् खाली आला. "आ..." एवढं तिच्या तोंडून निघालं. आजूबाजूला सगळे जेवत होते, मिलचे म्हातारे वर बघत होते.

"काका," ती म्हणाली, "भात वाढू?"

मी पान पुढं सरकवलं.